मद्रासची सिस्टर

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मला पुन्हा फ्रॉक घालावा लागला. निळ्या चौकड्यांचा, गुडघ्याखाली जेमतेम चार बोटं येणारा. त्यावर पांढरा एप्रन आणि डोक्यावर खळ घातलेली कडक टोपी. शिकाऊ नर्सांचा गणवेशच तो होता. वर्गातल्या बाकीच्या मुली सतरा-अठराच्या, त्यांना तो शोभायचा. पहिल्या दिवशी होस्टेलचा जिना उतरताना मी दोन्ही हातांनी फ्रॉक खाली ओढत होते. समोरून वॉर्डन आल्या आणि म्हणाल्या, "ओढून लांब नाही व्हायचा तो. चला." मला असा राग आला की मी ओढणं सोडलं आणि ताठ मानेनं चालू लागले. पुढची तीन-साडेतीन वर्षं तशीच चालले.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मी आधीच सांगून टाकते. त्यानं माझं नुकसान बरंच केलं, पण कधीकधी मला उभंही त्यानंच ठेवलं.

ही गोष्ट सत्तरच्या आगेमागची, नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यातली. त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत मी खापरखेड्याच्या कॉलनीत राहणारी चारचौघींसारखी बाई होते. नवरा वीज केंद्रात बॉयलरवर कामाला. कावीळ झाली, आधी झाडपाला केला, मग दवाखाना केला, आणि तो गेला. क्वार्टर सोडावं लागलं. मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि माझी सासू अशा तिघी गांधीबागेमागच्या गल्लीत दिराकडे राहायला आलो. दीर कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला होता. दोन खोल्यांत त्याचा संसार आणि त्यात आम्ही. कोणी आम्हाला वाईट वागवलं नाही. जागाच नव्हती, एवढंच.

माहेरचे लोक शेती करणारे. आमच्यात विधवेचा पाट लागतो. भाऊ स्थळ पाहूनच आला होता, काटोलकडचं, बिजवर, शेती बरी. मी त्याला असं काही बोलले की तो चहा न घेताच उठला. नंतर मला वाईट वाटलं, कारण तो मायेनंच आला होता. पण मला कोणाच्या घरात भरती व्हायचं नव्हतं.

शेजाऱ्यांकडून आणलेल्या जुन्या पेपरावर एक दिवस तांदूळ निवडत बसले होते. तांदळाखाली जाहिरात होती, नर्सिंगच्या शिक्षणाची. मॅट्रिक पास हवी. मी लग्नाआधी मॅट्रिक झाले होते. वयाची अट होती, ती माझ्या हातून केव्हाच गेली होती. पण खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी वयाची अट शिथिल करण्यात येईल. मी ती ओळ तीनदा वाचली. विधवा झाल्यापासून त्या शब्दानं मला काही दिलं, असं ते पहिल्यांदाच होत होतं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला आणि माझी निवड झाली.

सासू चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "काहून वं, लोकायचं हागमूत काढाले जाऊन राहिली? घरी खायाले नाई का तुले?"

"खायला आहे," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "जा. पोट्टीले मी पायतो. पन एक आईक. बाळंतिनीच्या खोलीत जाऊ नोको. थे आपल्यासाठी नाई. कोनी बोललं तं तुले सहन नाई होनार."

माझ्या सासूबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल की ती खाष्ट होती. ती मुळीच तशी नव्हती. माझी ननंद तिच्या पोटात असतानाच माझे सासरे गेले. म्हणजे शेवटची लेक तिनं पांढऱ्या कपाळानं जन्माला घातली. गावानं त्या लेकीला पांढऱ्या पायाची म्हटलं आणि सासूनं ते मुकाट ऐकून घेतलं. तेव्हापासून कोणी कामाला निघालं, कोणाच्या हातात पूजेचं ताट असलं, की ही आतल्या खोलीत. 'बाजूला हो' असं कोणी म्हणण्याची वेळच ती येऊ द्यायची नाही. आता तेच ती मला शिकवत होती. पोळणाऱ्या तव्यापासून मूल मागं ओढावं तशी ओढत होती.

होस्टेलमध्ये माझ्या खोलीत केरळची एक मुलगी होती. मला ती 'चेच्ची' म्हणायची, म्हणजे मोठी ताई. हाडांची आणि स्नायूंची इंग्रजी नावं तिनं माझ्याकडून घोकून घेतली आणि बर्डीच्या बाजारात भाजीवाल्याशी भाव कसा करायचा ते मी तिला शिकवलं. रविवारी मी गांधीबागेत जाऊन मुलीची वेणी घालायची आणि संध्याकाळी परत यायची. निघताना मुलगी रडायची नाही. ती न रडणं मला जड जायचं.

पहिली दोन वर्षं मी सगळ्या वॉर्डांतून फिरले आणि सगळीकडे भांडले. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात एका पेशंटच्या भावानं बिडी पेटवली, ती मी त्याच्या तोंडातून काढून कुंडीत विझवली. मेट्रनच्या ऑफिसात माझ्या नावाची चिठ्ठी वारंवार जायची. मग तिसऱ्या वर्षी लेबर रूमची पाळी आली. सासूचं बोलणं मनात होतं, पण तिथली ड्यूटी काही माझ्या मर्जीवर नव्हती. ठरलेली बाळंतपणं स्वतःच्या हातानं केल्याशिवाय कोणालाच पास करत नसत.

तिथं माझा राग कुठं जायचा कोण जाणे. बाहेर एवढ्यातेवढ्यावरून भडकणारी मी, पण त्या खोलीत पाय ठेवला की माझे हात आपोआप शांत व्हायचे. बाई किंचाळायची, शिव्या द्यायची, माझा दंड ओरबाडायची, आणि मला काही वाटायचं नाही. पहिलं डोकं माझ्या तळहातावर आलं, ओलं, गरम, तेव्हा मी ठरवून टाकलं की मला इथंच राहायचंय. कारणही मला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून मला सगळ्या सुरुवातींतून काढून टाकलं होतं. पेरणीची मूठ, लग्नाची हळद, डोहाळजेवण, बारसं, काहीही असो, मी आतल्या खोलीत. इथं मात्र सुरुवात माझ्या हातात येत होती.

आता माझ्या लबाडीबद्दल.

लेबर रूममध्ये बांगडी, अंगठी, घड्याळ काही चालत नसे. कोपरापर्यंत साबणानं हात घासायचे. त्यामुळे तिथं सगळ्यांचेच हात माझ्यासारखे, मोकळे. राहिलं कपाळ. तर दवाखान्यात निम्म्या सिस्टर ख्रिस्ती, त्यातल्या पुष्कळ केरळच्या. नागपूरच्या लोकांनी त्या सगळ्यांना मिळून एकच गाव देऊन टाकलं होतं, मद्रास. फ्रॉक, टोपी आणि कोरं कपाळ दिसलं की ही मद्रासची. इतवारीकडच्या एका व्यापारी घरातली सून माझ्या हातून मोकळी झाली. तिची सासू मला म्हणाली, "सिस्टर, तुम मद्रास से आयी क्या?"

मी दमले होते. मी म्हटलं, "हां."

खरं सांगते, तेव्हा ते तोंडातून नुसतं निसटलं. पण त्या बाईनं लगेच पुडा सोडला आणि नातवाच्या जन्माचा पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. त्यावर मात्र मी विचार केला. रात्रभर केला. दुसऱ्या दिवसापासून लेबर रूममध्ये मी मराठी बोलणं बंद केलं. पेशंटशी, नातेवाइकांशी, सगळ्यांशी मोडकं हिंदी. माझ्या खोलीतल्या मुलीला हसून हसून ठसका लागला. तिनं मला तीन शब्द शिकवले, शरी म्हणजे ठीक, वेगम म्हणजे लवकर, वेळ्ळम म्हणजे पाणी. ते मी अधूनमधून पेशंटसमोर पेरायची, लोकांची खात्री पटावी म्हणून.

लेबर रूमच्या मुख्य सिस्टर नागपूरच्याच होत्या, मराठी ख्रिस्ती, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. पाच-सहा महिने त्यांनी काही म्हटलं नाही. एक दिवस निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये कापडाच्या घड्या रचताना म्हणाल्या, "तू जितकी मद्रासची, तितकी मी लंडनची."

मी पुढची घडी ड्रममध्ये ठेवली.

"हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "शेवटच्या फॉर्ममध्ये हाच विभाग लिही. मी मेट्रनशी बोलते. पण हे नाटक किती दिवस करशील?"

तो फॉर्म म्हणजे आमच्या पुढच्या आयुष्याचा कागद होता. शिक्षण संपताना, ज्यांना दवाखान्यात कायम राहायचं त्यांनी विभाग निवडून मेट्रनकडे द्यायचा, आणि त्याच विभागाचं पुढचं शिक्षण मिळायचं. एकदा ठरलं की बहुतेक जन्माचं ठरलं. मी 'लेबर रूम' लिहिणार होतेच. नाटकाचं काय करायचं ते नंतर पाहू, असा माझा हिशेब.

त्याच आठवड्यात सावनेरकडची एक पोर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, भीतीनं पांढरीफटक. दर कळेला ती मांड्या आवळून घ्यायची. मी म्हणत होते, "जोर लगाओ, साँस लो." ती माझ्याकडे टकामका पाहत होती. हिंदी तिला कळत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी तिला परक्या भाषेतलं काहीच ऐकू येत नव्हतं. बाळाचे ठोके मंद व्हायला लागले. मी नळी कानाला लावून पुन्हा ऐकलं, आणि मद्रास बिद्रास सगळं सोडून तिच्या कानाशी वाकले. "ए पोरी, माह्या तोंडाकडं पाह्य. भेऊ नोको वं. मी हाव ना. आता कळ आली का खाली जोर कर, माह्या हाताले ढकल."

तिनं माझा हात धरला आणि मोठ्यानं रडली. रडता रडता तिचं अंग सैल झालं. दहा मिनिटांत मुलगा झाला, चांगला ठणठणीत.

तिची सासू दारापाशीच बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी बाळ घेऊन बाहेर आले तेव्हा तिचं तोंड आनंदानं फुललं होतं. बाळ घेतलं आणि म्हणाली, "माय वं, तू तं आपल्यातलीच निंगाली. कोन्या गावची?"

मीही खुशीत होते. गाव सांगितलं. तिला माझ्या माहेरचं शेजारचं घर ओळखीचं निघालं. मग तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच थांबली.

"मंग कुकू काहून नाई?"

"नवरा वारला," मी म्हटलं.

ती भांडली नाही. आवाजही चढवला नाही. फक्त बाळाच्या तोंडावर पदर ओढून घेतला. मग मुख्य सिस्टरकडे जाऊन अगदी नरमाईनं म्हणाली, "बाई, लेकराले आंघोय दुसऱ्या कोनाच्या हातून घाला. आमचा पयलाच हाय."

ती शिवी देती तर मी शिवी परत दिली असती. पण ती नरम बोलली. मी नळाखाली ट्रे धूत उभी राहिले. परकी होते तोवर माझा हात चालत होता. गावातल्या सुइणीचाही चालतो. माझं बाळंतपण करणारी सुईण विधवाच होती, तिचं कपाळ कोणी पाहिलं नव्हतं, कारण ती आमच्यातली नव्हती. बाधते ती फक्त आपल्यातली. हे मला तेव्हा कळलं आणि मला फार एकटं वाटलं.

त्या संध्याकाळी मी फॉर्म भरला. विभाग: अस्थिरोग. मोडलेलं हाड सिस्टरचं कपाळ बघत नाही. फॉर्म घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. पुढच्या शनिवारपर्यंत द्यायचा होता.

रविवारी घरी गेले तेव्हा फॉर्ममध्ये हाडांचा विभाग लिहिल्याचं सासूला सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तांदळातले खडे काढत राहिली. ननंद तिथंच होती, नऊ महिने भरलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आधीची दोन बाळं दगावली होती, एक पोटात आणि एक झाल्यावर तासाभरात. लोक काय म्हणत ते मी सांगितलंच आहे. सासूला ते खरं वाटायचं. आपल्या पांढऱ्या कपाळाची सावली लेकीवर पडली आणि तिच्या लेकरांवरही, असं ती धरून बसली होती. लेकीला वाढतानासुद्धा ताट सरकवून मागं व्हायची.

ननंदेला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या भागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गावाबाहेर नेऊन जाळायचे ते मारबतींचे आणि बडग्यांचे मोठमोठे पुतळे, त्यांच्यामागं पोराटोरांचा लोंढा, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडणं. सासूनं लेकीला सायकल रिक्षात घातलं आणि गल्लीबोळांतून कसंबसं आणलं. ठरलं असं होतं की माझी जाऊ, म्हणजे घरातली सवाष्ण, सोबत येईल आणि बाळ पहिल्यांदा तीच घेईल. ती हळदीकुंकू, टोपडं, सगळं घेऊन मागून निघाली आणि गर्दीत अडकली. जावई गावाकडून यायचे होते. तर दवाखान्यात आल्या फक्त माय आणि लेक.

सकाळची दहा-साडेदहाची वेळ. एक सिस्टर त्याच गर्दीमुळे आलेली नव्हती. मुख्य सिस्टर आणि डॉक्टर पडद्यापलीकडे एका अडलेल्या बाईपाशी होत्या. टेबलाशी मी एकटी आणि समोर माझी ननंद. सासू लेबर रूमच्या दारापर्यंतही आली नाही. मी दारातून पाहिलं तर व्हरांड्याच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी होती. लेक आत जाताना तिच्याकडे आपली नजर जाऊ नये म्हणून.

सगळं नीट चाललं होतं. पाणी गेलं, कळा चांगल्या होत्या, डोकं दिसायला लागलं. आणि माझे हात थांबले.

इतकी बाळंतपणं केली, कधी थांबले नव्हते. आता ते एप्रनपाशी नुसते उभे होते. माझ्या मनात एकच आलं, हिची दोन गेली आहेत, हे तिसरं, आणि पहिला हात माझा. त्या सावनेरच्या म्हातारीवर मी आठवडाभर मनात चडफडत होते. आणि आता ती जे म्हणाली होती तेच मी स्वतःला म्हणत होते. मला माझीच लाज वाटली, पण लाज वाटूनही हात पुढे होईनात.

"सिस्टर," मी हाक मारली. "तुम्ही या."

"मला येता येत नाही," पडद्यामागून आवाज आला. "कर तू."

"ही माझी ननंद आहे."

"मग? तिला बाळ नको आहे का?"

ननंदेनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. घामानं डबडबलेली. "वैनी, काय झालं वं? काहून थांबली? हेही गेलं का?"

पेशंटनं आपल्या चेहऱ्यावर भीती पाहू नये, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तिनं ती पाहिली होती. मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. आणि खरं म्हणजे त्यानंच मला सोडवलं. "काही नाही गेलं," मी म्हटलं. "गप पड. मी सांगीन तेव्हाच जोर कर."

डोकं बाहेर आलं आणि गळ्याभोवती बोट फिरवलं तर नाळेचा वेढा. एक नाही, दोन. मी तिला सांगितलं, "थांब, आता अजिबात जोर नाही, कुत्र्यासारखी धापा टाक." एक वेढा बोटानं सैल करून डोक्यावरून काढला. दुसरा घट्ट होता. दोन चिमटे लावले, मधे कापला. मग खांदे, मग बाकीचं सगळं एकदम हातात आलं. निळसर, गप्प. तोंडातलं, नाकातलं रबरी नळीनं ओढलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या. त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं नाही, कोणाचंच नाही. फक्त चोळत होते. मग ते किंचित ओठ वाकडे करून कुरकुरलं, आणि मग टाहो फोडला.

पडद्यापलीकडून सिस्टर म्हणाल्या, "ऐकू आलं."

ननंद रडत होती, हसत होती, मला शिव्या देत होती. मुलगा झाला होता. सगळं आवरलं, तिला स्वच्छ केलं, बाळ गुंडाळलं आणि घेऊन व्हरांड्यात आले.

सासू अजून भिंतीकडेच तोंड करून होती. बाळाचं रडणं तिनं ऐकलं होतं, तिचे खांदे हलत होते. पण वळली नाही.

"आत्याबाई, मुलगा आहे. वळा."

"तुई जाऊ येईन," ती भिंतीला म्हणाली. "तिच्या हातात दे. मले दाखवू नोको."

"तिला यायला वेळ आहे. मारबत अजून गेली नाही."

"मंग जावाई येईन."

"आत्याबाई, मला आत काम पडलंय. पडद्यापलीकडे बाई अडली आहे. मी बाळ घेऊन इथं उभी नाही राहणार. हात पुढे करा." हे मी वॉर्डातल्या आवाजात म्हटलं, बिडीवाल्याशी बोलले होते तशा. तिला मी असं कधीच बोलले नव्हते.

ती वळली. लुगड्याला दोन्ही हात पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. मग हात पुढे केले आणि मी बाळ त्यांत ठेवलं. माझ्या हातानंतर तेच दुसरे हात.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोटानं त्याची मूठ उघडून बोटं मोजली, एक एक करून, मग पायाचीही. मी म्हटलं होतं आत काम आहे, पण मी तिथंच उभी होते. मग ती हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नोको वं. मी पयले घेतलं म्हून."

"नाही सांगत," मी म्हटलं.

जाऊ अर्ध्या तासानं धापा टाकत आली. सासूनं बाळ आधीच माझ्याकडे परत दिलं होतं आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभी होती. जावेनं त्याला कुंकवाचं बोट लावलं, टोपडं घातलं, आणि सगळ्यांना सांगितलं की पहिल्यांदा मीच घेतला.

दुपारी ड्यूटी संपल्यावर मी खिशातला फॉर्म काढला. घामानं ओला झाला होता. 'अस्थिरोग' खोडून त्याच्यावर 'लेबर रूम' लिहिलं आणि मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवला. मेट्रन म्हणाल्या, "खाडाखोड कशाला? नवीन फॉर्म घ्यायचा."

"असू द्या," मी म्हटलं. नवा फॉर्म घेतला असता तर पुन्हा विचार करावा लागला असता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी लेबर रूममध्येच होते. त्या दिवसापासून मी मद्रासची राहिले नाही. ज्या भाषेत बाई ओरडायची त्या भाषेत मी बोलायची, बहुतेक वेळा आमच्याच. कोणी कपाळाबद्दल विचारलं तर नवरा वारला म्हणून सांगायची. काहींनी तोंडं फिरवली, दुसरी सिस्टर मागितली. मी दुसरी सिस्टर बोलावून द्यायची. अडलेल्या बाईशी वाद घालण्यात काय अर्थ. पण दर वेळेला मनाला लागायचं, शेवटपर्यंत लागायचं, ते मी नाकारत नाही. पेढाही मग पहिल्यासारखा वारंवार मिळाला नाही. पुष्कळ जणींनी मात्र काही विचारलंच नाही. त्यांना धरायला हात हवा होता.

ननंदेच्या मुलाचं बारसं गांधीबागेमागच्या त्याच दोन खोल्यांत झालं. बाहेरच्या खोलीत पाळणा टांगला होता. गल्लीतल्या सवाष्णी जमल्या, जाऊ दोरी ओढत होती, पाळणा म्हणणं चाललं होतं. आतल्या खोलीत पिठाच्या डब्यांशेजारी आम्ही दोघी विधवा, सासू आणि मी, रिवाजाप्रमाणे दिसणार नाही अशा बसलो होतो. माझ्या कपाळाची शीर तडतडत होती. उठून बाहेर जाऊन काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं, आणि मी उठलेच असते.

तेवढ्यात सासूनं माझ्या मांडीला जोरात चिमटा काढला. वळून पाहिलं तर ती पदर तोंडाशी धरून हसत होती. मी तिला तशी हसताना पाहिलीच नव्हती.

"गाऊ दे वं त्याहिले," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आंधी आपल्या दोघीच्याच हातात होता थ्यो."